अकरा कूलरांचे ऐब

मौलवीसाहेबांच्या डोळ्यातला मोतीबिंदू आणखी महिनाभर थांबला असता, तर इस्लाममधलं दान आणि व्यापारातली सचोटी शिकवायची वेळ माझ्यावर आली नसती. मी उर्दू माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. आमचं घर बौद्ध. शाळेत लागलो तेव्हा मुलं मला 'मराठीवाले सर' म्हणायची, आता नुसतं 'सर' म्हणतात. बावीस वर्षांच्या नोकरीतली ही एवढीच बढती.

रमजान सुरू व्हायच्या दोन दिवस आधी मुख्याध्यापिका मॅडमनी बोलावून घेतलं आणि एक हिरवी पुस्तिका हातात दिली.

"मौलवीसाहेब महिनाभर येणार नाहीत. नववीचे दीनियातचे, म्हणजे धर्मशिक्षणाचे तास तुम्ही घ्या."

"मॅडम, मी?"

"पुस्तिका मराठीत आहे. आणि न अडखळता मराठी वाचणारे या शाळेत तुम्हीच आहात."

पुस्तिका बत्तीस पानांची होती. त्यातली पहिली नऊ पानं मान्यवरांच्या शुभेच्छांची, प्रत्येकाच्या फोटोसह. दहाव्या पानावर पहिलं वाक्य होतं, की दान असं द्यावं की उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये. छापणाऱ्याला यात काही वावगं वाटलं नव्हतं. मीही ती पानं उलटून पुढे गेलो.

रमजानात आमची शाळा सकाळची भरते आणि दुपारच्या नमाजाआधी सुटते. माझा तास शेवटचा. पहाटे उठून जेवलेली आणि मग पुन्हा धड न झोपलेली चाळीसेक मुलं-मुली त्या तासाला जमिनीपासून वीतभर वर तरंगत असायची. मार्चचं ऊन खिडकीतून येऊन बाकांवर पसरायचं, पंखा एका लयीत कुरकुरायचा, बाहेर कुठेतरी भंगारवाला ओरडत लांब लांब जायचा. मुलं पाणी पीत नाहीत तर त्यांच्यासमोर आपण कसं प्यायचं म्हणून मीही शाळेत पाणी पिणं सोडलं होतं. त्यामुळे मीही थोडा तरंगतच असे. फळ्यावर 'जकात' हा शब्द लिहिला की त्याच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. अशा वेळी शिकवलेलं डोक्यात शिरत नसावं असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. जागेपणी शिकवलेलं मुलं विसरतात. अर्ध्या झोपेत शिकवलेलं त्यांच्या अंगात जातं.

जकातीचा धडा बरा झाला. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग गरिबांचा असतो, तो देणं म्हणजे उपकार नव्हे, त्यांचं त्यांना परत करणं, हे मी समजावलं. मुलांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. एका मुलाने मला धीर दिला, "सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुम्हाला जकात लागू नाही." दुसरा म्हणाला, "पगारावर पण नाही लागत सर, उरला तर लागते." वर्ग हसला. माझा पगार उरत नाही ही बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

मग उजव्या-डाव्या हाताचं वाक्य आलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, मग शाळेच्या गेटवर रेशन वाटपाचा फ्लेक्स लागतो, तो कोणता हात लावतो?"

मी म्हणालो, "पुढचा मुद्दा."

त्या वर्गात खिडकीपाशी एक मुलगी बसायची. अक्षर फार सुरेख. शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोजचा मराठी सुविचार तीच लिहायची. सुविचार कुणी वाचत नसे, पण अक्षर बघायला लोक थांबत. घरात तिच्या दोन मोठ्या बहिणी आठवीनंतर बसलेल्या. दहावीपर्यंत पोचणारी ही पहिली ठरणार होती. शेजारच्या एका मुलीची दहावीची जुनी पुस्तकं तिने जानेवारीतच आणून ठेवली होती, खाकी कागदाची कव्हरं घातली होती आणि त्यांवर नावही लिहून टाकलं होतं. नववीची परीक्षा अजून व्हायची होती. वर्गातल्या मुली तिला त्यावरून चिडवत, "पहिले पास तो हो जा, बाजी!" तिला त्याचं काही वाटत नसे.

दुसऱ्या आठवड्यात व्यापाराचा धडा आला. त्यात ती प्रसिद्ध गोष्ट होती. पैगंबर बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीपाशी थांबतात, राशीत हात घालतात, तर बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो, पाऊस लागला. ते विचारतात, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं?

मुलांच्या डोळ्यांवर झापड होती, म्हणून मी धान्याऐवजी कांदा घेतला. माझी आई लासलगावला व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. रास पसरलेली, भोवती बायका बसलेल्या, हात चालू. कुठला कांदा कुठे जायचा हे त्या बघत नसत, बोटांनी ओळखत. आईचा हात राशीत जायचा आणि मऊ पडलेला कांदा बरोबर बाहेर यायचा. ट्रॉलीच्या वरच्या थरावर कसले कांदे असतात आणि तळाशी कसले, हे तिला इतकं माहीत होतं, की घरी पाहुणा आला आणि फार गोड बोलायला लागला, की ती म्हणायची, "वरचा थर बघतोय आपण." हे सांगताना वर्ग जागा झाला. मलाही शिकवण्याचा चेव आला आणि मी एक गृहपाठ दिला. घरच्या धंद्यातली, नाहीतर गल्लीतल्या दुकानातली एक वस्तू घ्या. तिच्यातला ऐब, म्हणजे दोष, गिऱ्हाइकाला सांगितल्यासारखा मराठीत लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. 'आमच्या बेकरीचे पाव रोज ताजे असतात. कालचे असले तरी गरम करून ताजे करतो.' 'माझे मामा जुने टायर विकतात. टायर काळा दिसतो कारण पॉलिश आहे. टायरला आतून माहीत आहे तो किती म्हातारा आहे.' 'आमच्याकडे अत्तर मिळते. वास चांगला आहे पण नमाज संपेपर्यंतच टिकतो, नमाज लांबला तर टिकत नाही.' मी खूश होतो. इतकं सरळ मराठी या वर्गाने आधी कधी लिहिलं नव्हतं.

खिडकीपाशी बसणारीची वही कोरी होती.

"तुझा गृहपाठ?"

"केला सर. वहीत नाही केला."

"मग कशात?"

"सर, गिऱ्हाईक वही कुठे वाचतो?"

उत्तर चटपटीत होतं. मी हसलो आणि पुढच्या बाकाकडे गेलो. शिक्षकाने कधीकधी एका बाकाशी दोन मिनिटं जास्त थांबावं. ते मी केलं नाही.

चार दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. उंच, सडसडीत माणूस, नखांत निळा रंग बसलेला. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं जुन्या कूलरचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि पुढचा फुटपाथ. थंडीत लोकांनी टाकलेले कूलर गोळा करायचे, पत्रा ठोकायचा, पंप-मोटर बसवायची, नवं गवत भरायचं, निळा ऑइल पेंट मारायचा आणि मार्चपासून विकायला काढायचे. उन्हाळ्यावर घर चालायचं. लहानपण मनमाडच्या रेल्वे वसाहतीलगत गेलेलं, त्यामुळे मराठी माझ्याइतकंच सफाईने बोलायचे. वाचता मात्र येत नव्हतं, मराठी नाही आणि उर्दूही जेमतेम.

उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, तीन दिस झाले, गिऱ्हाईक येतंय, वाचतंय, हसतंय अन् जातंय. मला वाटलं पोरीनं भाव लिहिलाय. आज समोरच्या चहावाल्यानं वाचून दाखवलं."

मुलीने अकराच्या अकरा कूलरांवर, दर्शनी बाजूला, पांढऱ्या ऑइल पेंटने गृहपाठ केला होता.

मी त्यांच्याबरोबर जाऊन बघितलं. दुपारच्या उन्हात अकरा निळे कूलर रांगेत उभे होते, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे. आणि प्रत्येकाच्या छातीवर ते सुरेख अक्षर. 'दिसतो नवा. आत गंज आहे.' 'याचा आवाज फार आहे. झोप पातळ असेल तर घेऊ नये.' 'डाव्या कोपऱ्यातून गळतो. खाली परात ठेवावी.' 'याचे एक बटण शोभेचे आहे.' एकावर लिहिलं होतं, 'मोटर दुसऱ्या कूलरची आहे. चालते, पण तिचे मन इथे नाही.' मराठीचा शिक्षक म्हणून मला क्षणभर अभिमान वाटला. मग वडिलांकडे बघितलं आणि तो गिळला.

"पुसता येईल की," मी म्हणालो. "वरून एक हात निळा मारला तर..."

"मारायला घेतला होता. पोरगी म्हणाली, मारा अब्बा, पण तुमचा रोजा हाय ना." त्यांनी एका कूलरवरची धूळ हाताने पुसली. "सर, ल्ह्यायच्या आधी मी काय झाकत नव्हतो. नुसता बोलत नव्हतो. कुणी विचारलं तर सांगत होतो. आता ल्हिलेलं पुसलं तर ते झाकणं झालं. तिनं मला कुठं आणून उभं केलंय बघा."

मी पुस्तिकेतल्या गोष्टीबद्दल काहीतरी पुटपुटलो.

"ती गोष्ट मला पाळण्यात असल्यापासून माहीत हाय," ते म्हणाले. "ओलं वर ठेवायचं. बरोबर हाय. पण त्या बाजारात समद्यांनीच वर ठेवलं असंल. इथं समदे कोरडं वर ठेवणार अन् मी एकटा ओलं ठेवणार? मग मी इमानदार नाय सर, येडा."

बत्तीस पानांत याचं उत्तर नव्हतं. नऊ मान्यवरांपैकीही कुणी याला हात घातला नव्हता.

त्यांनी निर्णय आधीच घेतला होता. माल हिने बिघडवला, तर हीच विकेल. अकरा कूलर जाईपर्यंत मुलगी दुकानावर बसेल. गेले तर शाळा, नाही गेले तर शाळा पुरे झाली. "येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी तोंडी परीक्षा सुरू होतात," मी म्हणालो. "तोंडी बुडाली तर वर्ष जाईल." ते म्हणाले, "माझा उन्हाळा जातोय सर." आवाज चढला नव्हता, त्यामुळे भांडताही येईना. त्यांच्यापाशी दहा दिवस होते, तिच्यापाशीही तेवढेच. आणि नववीला बुडालेलं वर्ष पुन्हा करायला त्या घरातून कुणी पाठवणार नाही हे तिला माहीत होतं, मलाही.

तिने फक्त एकदा विचारलं, "सर, मी चुकीचं लिहिलं का?"

"नाही."

"मग?"

मी म्हणालो, "मी रोज येईन. वर्गात झालेलं सांगत जाईन." प्रश्नाचं उत्तर हे नव्हतं. तिने तेच घेतलं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. एकच लांबलेली दुपार असल्यासारखे आठवतात. शाळा सुटली की मी द्वारकेला उतरायचो. उड्डाणपुलाखालची वाहनं, रिक्षांचे भोंगे, बसवाल्यांच्या आरोळ्या यांची तिथे एक अखंड घरघर असते. गल्लीत दहा पावलं आत आलं की ती पाण्यासारखी वाटायला लागते. नमुन्याला एक कूलर कायम चालू ठेवलेला. त्याच्या ओल्या गवताचा वास आणि समोरचा तापलेला रस्ता यांच्या मधोमध एक स्टूल होतं, त्यावर मी. मुलगी बाजूला पोत्यावर बसून वहीत उतरवून घ्यायची. वडील मागे, पत्र्याच्या सावलीत, पाना घेऊन काहीतरी पिळत. तिघांच्याही घशाला कोरड. भूगोलातला पाऊस मी तिला त्या कूलरसमोर शिकवला.

कधीकधी वाऱ्याने डोळा लागायचा. एकदा मला दिसलं, की आई कांद्याच्या राशीपाशी बसली आहे आणि रास निळी आहे. ती एकेक निळा कांदा उचलते, कानाशी धरते, ऐकते आणि म्हणते, "याचं मन इथं नाही." जागा झालो तेव्हा एक बाई मोबाइल समोर धरून माझा फोटो घेत होती.

कारण तोवर ते कूलर गावभर गेले होते. कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला आणि लोक यायला लागले. यायचे, मोठ्याने वाचायचे, हसायचे, शेजारी उभे राहून फोटो काढायचे. 'नाशिकचा प्रामाणिक कूलर' असं काहीतरी खाली लिहायचे. घ्यायचे मात्र समोरच्या मोठ्या दुकानातून. तिथल्या कूलरांनी आपल्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

तरी दोन गेले. पहिला नेला एका म्हाताऱ्या निवृत्त ड्रायव्हरने. बराच वेळ रांगेपुढून येरझाऱ्या घातल्या आणि 'आवाज फार आहे' यापाशी थांबले. मुलगी ओरडून म्हणाली, "चाचा, तो खूप आवाज करतो!" ते म्हणाले, "हां?" ती आणखी मोठ्याने ओरडली. ते प्रसन्न हसून म्हणाले, "मला कुठं ऐकू येतं, बेटा," आणि हातगाडी बोलावली. दुसरा, गळका, पेठ तालुक्यातून मोगऱ्याची रोपं आणून विकणाऱ्या एका बाईने नेला. डाव्या कोपऱ्याखाली रोपं ठेवीन म्हणाली. "परात कशाला? लय चांगलं गळतंय की!" त्या संध्याकाळी मला वाटायला लागलं, की प्रत्येक दोषाचा एक माणूस या शहरात कुठेतरी असेलच, आपण फक्त बसून राहायचं. उपाशीपोटी असं वाटतं.

पण नऊ कूलर तसेच राहिले. शुक्रवार उजाडला. सोमवार तीन दिवसांवर. मी सकाळीच ठरवून आलो होतो आणि गेल्या गेल्या वडिलांना म्हणालो, "हा गंजवाला मला द्या."

त्यांनी पाना खाली ठेवला. "तुमच्या घरी कूलर नाय?"

"आहे. जुना झालाय."

मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "सरांनी मागच्या वर्षीच घेतला, अब्बा. वर्गात सांगितलं होतं."

वडील हसले. इतक्या दिवसांत प्रथमच. "सर, ही खरेदी नाय. ही खैरात झाली. खैरात घ्यायची वेळ आली तर मी स्वतः येऊन मागीन, तुमच्याकडंच येईन. पण तिला खरेदी म्हणू नका." मग माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाले, "बसा. वारा घ्या. वाऱ्याचे पैसे नाय."

त्याच दुपारी, नमाजानंतर, गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी थांबली. तिच्यातून आमच्या संस्थेचे अध्यक्षसाहेब उतरले, मागून मॅडम. अध्यक्षसाहेब सज्जन आहेत. त्यांना फक्त कुठलीही गोष्ट फ्लेक्सवर आल्याशिवाय घडली असं वाटत नाही. फोटो त्यांच्यापर्यंतही पोचला होता. रांगेपुढून हात मागे बांधून फिरले, मॅडमकडून एकेक ओळ वाचून घेतली आणि मनापासून खूश झाले.

"अरे वा! आपल्या शाळेची मुलगी! मॅडम, सगळे घेऊन टाकू. नऊच्या नऊ. जकातीच्या निधीतून. ईदच्या आधी गरीब कुटुंबांना वाटप. आमदारसाहेबांना बोलावू." मग ते वडिलांकडे वळले. "काय भाई? तुमचा माल जाईल, मुलगी शाळेत येईल, गरिबाला वारा मिळेल. सगळ्यांचं भलं."

हे खरं होतं. मला त्यात चूक सापडेना, आणि खरं सांगायचं तर शोधायचीही नव्हती. सोमवार वाचत होता. मुलीकडे बघितलं तर ती पोत्यावरून उठून उभी राहिली होती आणि तिचा चेहरा उजळला होता. वडिलांनी हात पुसायला फडकं घेतलं.

"फक्त हे लिहिलेलं काढू," अध्यक्षसाहेब म्हणाले. "वरून पांढरा पट्टा मारू, त्यावर संस्थेचं नाव. वाटपात हे बरं दिसत नाही."

मुलीच्या चेहऱ्यावरचा उजेड तिथेच थबकला. ती हळूच म्हणाली, "साहेब, मग आत गंज आहे ते घेणाऱ्याला कोण सांगणार?"

"बेटा, त्याला फुकट मिळतंय. फुकटात कोण ऐब बघतो?"

मॅडम म्हणाल्या, "बेटा, मोठ्यांशी..."

"मॅडम, पुस्तिकेत आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण ती पान सांगत होती. "चोविसाव्या पानावर. जे आपल्याला कुणी दिलं तर आपण डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ते दुसऱ्याला दान देऊ नये." मग तिने कूलरकडे बोट केलं. "विकायचे तर सांगून विकायचे. द्यायचे तर सांगून पण नाही द्यायचे. आधी नीट करायचे, मग द्यायचे."

अध्यक्षसाहेब हसले. "हे कुणी शिकवलं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी स्टुलावरून उठलो.

"अच्छा," अध्यक्षसाहेब म्हणाले. "मराठीवाले सर." बावीस वर्षांची बढती एका दमात गेली. मग ते वडिलांकडे वळून व्यवहाराच्या सुरात म्हणाले, "भाई, मुलं आहेत, बोलतात. तुम्ही सांगा. टेम्पो उद्या पाठवू?"

मुलगी खाली बघत होती. आपण काय घालवून बसलो हे तिला कळत होतं. खाकी कव्हरांची ती पुस्तकं, सोमवार, पुढचं वर्ष, सगळं एका वाक्यात तिनेच परत केलं होतं. मला वाटलं, आता तिने रडावं म्हणजे कुणीतरी काहीतरी करील. ती रडली नाही. चालू कूलर तेवढा आपला घरघरत होता. वडील फडक्याने एकेक बोट पुसत राहिले. निळा रंग काही निघेना.

"साहेब, माल द्यायचा नाय," ते म्हणाले.

"अरे, पण का?"

"पोरीनं सांगितलं ना."

गाडी गेली. जाताना मॅडम माझ्याजवळ थांबून म्हणाल्या, "सर, मौलवीसाहेबांची पट्टी लवकर निघो," आणि मला वाटतं त्या थोड्या हसल्या.

ऊन कलायला लागलं होतं. गल्लीतल्या फळवाल्यांनी इफ्तारीसाठी टरबुजं कापायला घेतली होती, खजुराच्या गाड्यांवर गर्दी वाढत होती. नऊ कूलर जिथल्या तिथे. मी वही मिटली आणि चपला शोधायला लागलो. वडील आत गेले आणि रंगाचा डबा घेऊन बाहेर आले. कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्यांनी फडक्याला पुसला. माझ्या मनात आलं, झालं, आता पुसणार. त्यात त्यांचं काही चुकलं असतं असं मला अजूनही वाटत नाही.

त्यांनी डबा मुलीपुढे धरला. पांढरा रंग होता.

"तिसऱ्याची टाकी खालून पातळ झालीय," ते म्हणाले. "हात लावला तर कळत नाय. ठोकताना मला कळलं होतं. ते ल्हिलं नाय तू."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "मला माहीत नव्हतं, अब्बा."

"तुला कसं माहीत असंल? ल्ही."

ती तिसऱ्या कूलरपुढे गुडघ्यांवर बसली आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहायला लागली. वडील तिच्यामागे उभे राहून अक्षरं बनताना बघत होते, वाचता येत नसलेला माणूस बघतो तसे, नक्षी बघितल्यासारखे. एक ओळ झाल्यावर म्हणाले, "सातव्याच्या पंख्याचं एक पातं मी वाकवून सरळ केलंय. ते बी." ती सातव्याकडे गेली. "अन् त्या कडेच्याला..." ते थांबले, मोजदाद करत असल्यासारखे. "ते शोभेचं बटण सोडलं तर कडेच्याला काय नाय. तो खरंच चांगला हाय. तसं ल्ही."

"चांगला आहे, असं?"

"आता समद्यांचं खरं ल्हिलंय तर त्याचं बी खरं ल्ही की."

ती कडेच्या कूलरकडे जाता जाता थबकली, पण काही विचारलं नाही. त्यांनीच मग, डब्याचं झाकण शोधत, माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, सोमवारी तोंडी किती वाजता हाय?"

"सात वाजता. पहिला नंबर तिचाच."

"मग उद्यापासून हिला इथं येऊ देऊ नका. घरी बसून वाचू द्या." मग कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले, "मी बसतो. कुणी वाचून हसलं तर मी बी हसीन."

मुलीने कुंचला खाली ठेवला नाही. कडेच्या कूलरवर तिची ओळ अर्धी झाली होती, आणि अर्धी ओळ सोडून उठायची तिला सवय नव्हती. मी तिच्या मागे उभा राहून ती पुरी होईपर्यंत वाट बघितली. 'हा चांगला आहे. अब्बांनी सांगितले.'